मिररलेस कॅमेरा घेताना : खांद्यावरचं वजन की फोटोचा दर्जा?

ग्वाल्हेर : हरिशंकरपुरमसारख्या वसाहतीतून सकाळी किल्ला, संध्याकाळी तानसेन समारोह आणि सुट्टीच्या दिवशी चंबळ, असा फोटोग्राफीचा कार्यक्रम ठरवणाऱ्यांना कॅमेरा घेताना एकच प्रश्न पडतो. हलका घ्यायचा की मोठ्या सेन्सरचा? खरं तर आधी लेन्स ठरवावी आणि मग कॅमेरा, कारण बहुतेक वजन लेन्समुळेच वाढतं.

सेन्सरचा फरक किती?

फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा असतो. एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६ आणि मायक्रो फोर थर्ड्स १७.३ × १३ मिलिमीटर. म्हणजे फुल फ्रेमचं क्षेत्रफळ एपीएस-सीच्या दुपटीहून जास्त आणि मायक्रो फोर थर्ड्सच्या जवळपास चौपट. अ‍ॅपर्चर आणि शटर सारखंच ठेवलं तर मोठ्या सेन्सरवर तितकाच जास्त उजेड पडतो, त्यामुळे अंधारात फोटोत दाणे कमी दिसतात. भरदिवसा मात्र हा फरक मोबाईलवर बघताना सहसा कळत नाही. २४ मेगापिक्सेलचा फोटो २० × १३ इंच छापला तरी इंचाला ३०० ठिपके मिळतात. घरच्या अल्बमसाठी कुठलाही सेन्सर पुरे.

वजन कुठे वाढतं?

बॅटरीसह बॉडी आणि लेन्स मिळून हिशेब असा :

• सोनी ए७ फोर (६५८ ग्रॅम) + २४-७० एफ/२.८ जीएम टू (६९५) = १३५३ ग्रॅम
• ओएम-५ (४१४) + १२-४० एफ/२.८ टू (३८२) = ७९६ ग्रॅम
• कॅनन आर८ (४६१) + २४-५० एफ/४.५-६.३ (२१०) = ६७१ ग्रॅम

यातला तिसरा संच फुल फ्रेम असूनही सगळ्यात हलका आहे. कारण लेन्स कमी उजेड घेणारी आणि कमी झूमची आहे. उलट मायक्रो फोर थर्ड्सवरची एफ/२.८ लेन्स एकूण उजेडाच्या हिशेबात फुल फ्रेमच्या एफ/५.६ इतकीच भरते. म्हणजे दुसरा आणि तिसरा संच अंधारात जवळपास बरोबरीचे. ओएम-५ मध्ये बॉडीतलं स्थिरीकरण आहे, आर८ मध्ये ते फक्त लेन्समध्ये मिळतं. ‘फुल फ्रेम म्हणजे जड’ हे त्यामुळे अर्धंच खरं.

किल्ल्यावर

शहराच्या वर सुमारे १०० मीटर उंच असलेल्या किल्ल्यावर पूर्वेच्या ग्वाल्हेर दरवाजातून गेलं तर चढ पायीच चढावा लागतो. मानमंदिराच्या निळ्या-पिवळ्या फरशा आणि उरवाई घाटीतल्या जैन मूर्ती जागच्या हलत नाहीत. उजेड कमी असला तरी स्थिरीकरणाच्या जोरावर शटर सावकाश ठेवता येतं. त्यात संरक्षित स्मारकात ट्रायपॉड लावायला परवानगी लागते. इथे हलका संचच बरा.

तानसेन समारोहात

डिसेंबरातल्या या समारोहाचं शंभरावं वर्ष २०२४ मध्ये झालं. संध्याकाळच्या मैफलीत फ्लॅश मारणं बरं दिसत नाही, आणि तबलजीची बोटं स्थिर टिपायला शटर १/१२५ किंवा त्याहून जलद हवं. इथे स्थिरीकरण कामाला येत नाही, उजेडच लागतो. एफ/५.६ च्या तुलनेत एफ/१.८ मधून नऊ-दहापट उजेड येतो. कॅननची ५० मिमी एफ/१.८ लेन्स फक्त १६० ग्रॅमची, तर मायक्रो फोर थर्ड्सची ४५ मिमी एफ/१.८ केवळ ११६ ग्रॅमची आहे. झूम नाही, तेव्हा जागा जवळची धरावी लागते. पण अर्धा किलो वजन वाचतं.

चंबळवर

घडियाल आणि पक्षी लांब असतात. सोनीची फुल फ्रेम २००-६०० लेन्स एकटीच २११५ ग्रॅम आहे. ऑलिम्पसची ७५-३०० केवळ ४२३ ग्रॅमची आणि दृश्य तितकंच जवळ आणते. उजेड मात्र कमी घेते, म्हणून पहाटेच्या धुक्यात ती थकते. ऊन वर आलं की छान काम देते.

घेण्याआधी

बॉडी चार-पाच वर्षांत बदलली जाते, लेन्स मात्र टिकते, आणि एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या बॉडीला सहसा सरळ बसत नाही. म्हणून पुढे लागणाऱ्या दोन-तीन लेन्सचं वजन आणि किंमत आजच बेरजेत धरावी. पाण्याने भरलेली लिटरची बाटली खांद्याला अडकवून किल्ल्याचा चढ एकदा चढून बघावा. ती एक किलोची झाली, वर सांगितलेला पहिला संच त्याहून जड आहे. तेवढं रोज जमणार असेल आणि मैफली, लग्नं यांची कामं करायची असतील, तर मोठी लेन्स घ्यावी. नाहीतर हलका कॅमेरा आणि सोबत एक एफ/१.८ लेन्स घ्यावी. घरी कपाटात राहिलेल्या महागड्या कॅमेऱ्यापेक्षा सोबत असलेला हलका कॅमेरा जास्त फोटो देतो.