चीज कोणाची?

नागपूरच्या महालात बडकस चौकाकडून जाताना मेमरी कार्डात गाणी ‘भरून’ घेण्याचे दिवस आठवतात. थोडक्या पैशांत शेकडो गाणी मिळत. पैसे दुकानदाराला, गाणाऱ्याला छदामही नाही. आपणही ती मुकाट घेतली. पण गाणे कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न मोबाइलपेक्षा फार जुना आहे. त्यासाठी आपल्याला याच महालातल्या भोसल्यांच्या काळात मागे जावे लागेल.

दरबारी कलावंताला मिळे ती बिदागी. ती गाण्याची नव्हे, त्या रात्रीच्या मैफलीची. चिजेला, म्हणजे बंदिशीला, किंमत नव्हती, नाव मात्र होते. बंदिशीत ‘सदारंग’ अशी कर्त्याची मुद्रा असे, अभंगाच्या शेवटी ‘नामा म्हणे’. अभंग कोणीही गावा, कोणालाही शिकवावा. कर्त्याचे नाव गिळण्याची मात्र सोय नव्हती. उलट घराण्यांची मूठ झाकलेली. गुरूचा गंडा बांधल्याशिवाय चीज मिळायची नाही, आणि बांधूनही मिळेलच असे नाही. १८५३ साली तिसरे रघुजी वारले, डलहौसीने राज्य खालसा केले आणि इथला दरबारी आश्रय आटला. पुढे पंडित भातखंड्यांनी घराण्याघराण्यांतून चिजा मिळवून ‘क्रमिक पुस्तक मालिके’त स्वरलिपीसह छापल्या. उस्तादांचा ऐवज विद्यार्थ्यांचा पाठ झाला. याला लूट म्हणावे की उद्धार? मी उद्धार म्हणेन, पण ज्यांच्या पेटीतून ऐवज गेला त्यांनी तसे म्हटले असतेच असे नाही. दरम्यान १९०२ मध्ये कोलकात्यात गायिका गौहर जानचे ध्वनिमुद्रण झाले. गाणे संपताच ती स्वतःचे नाव उच्चारी. मुद्रेचाच तो नवा अवतार.

झाकल्या मुठीवरचे सर्वांत मर्मभेदी नाटक नागपूरकराने लिहिले, हे इथे सांगायलाच हवे. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ मध्ये रंगभूमीवर आले. नाटकात खाँसाहेबांच्या घरी नोकर होऊन सदाशिव त्यांची गायकी कानांनी टिपतो. ती चोरी की साधना? खाँसाहेब साकारणारे वसंतराव देशपांडे नागपुरातच शंकरराव सप्र्यांकडे शिकलेले. मात्र सदाशिव गायकी घेतो ती गळ्यात मुरवून. आपण एका बोटाने नुसती नक्कल उतरवतो. दोन्हींना एकच शब्द लावणे मला पटत नाही.

कायदा मात्र नकलेच्याच मागे धावला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्याला स्वतःचा हक्क नव्हता; तो १९९४ च्या दुरुस्तीने आला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगीतांचा हक्क मुख्यतः निर्मात्याकडे ठेवला. मग कॅसेट आली, १९९९ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवर गाणी परस्पर वाटणारे नॅप्स्टर आले आणि गाणे तबकडीतून सुटून वाऱ्यावर गेले. गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीचा वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही, हे ठरायला २०१२ उजाडले. दारव्हेकर १९९९ मध्येच गेले. कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे, या हिशेबाने ‘कट्यार’च्या संहितेवरचा हक्क २०५९ च्या अखेरीस संपेल.