एल निनो म्हणजे दुष्काळ नव्हे : समुद्राचे तापमान, वारे आणि हवामानाची प्रारूपे

भारतीय हवामान विभाग दरवर्षी एप्रिलच्या मध्यास मोसमी पावसाचा पहिला दीर्घकालीन अंदाज जाहीर करतो. त्यात ‘एल निनो’चा उल्लेख आला की दुष्काळाची चर्चा सुरू होते. दूरच्या प्रशांत महासागराचे पाणी तापल्याने आपल्याकडील पावसावर परिणाम का व्हावा, आणि तो प्रत्येक वेळी सारखाच का होत नाही, हे समजण्यासाठी समुद्र आणि वातावरण यांचे नाते हवामानाच्या संगणकीय प्रारूपांत कसे मांडले जाते, हे पाहावे लागते.

समुद्र वाऱ्यांना कशी गती देतो

उष्ण पाण्याचे बाष्पीभवन अधिक होते. तापमान १ अंश सेल्सियसने वाढले की हवेची बाष्प सामावून घेण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. हे बाष्प वर जाऊन ढगांत द्रवरूप होते तेव्हा त्यातील सुप्त उष्णता मुक्त होते. तापलेली हवा आणखी वर चढते, पृष्ठभागाजवळचा दाब घटतो आणि सभोवतालची हवा तिकडे वाहू लागते. उष्ण कटिबंधातील वाऱ्यांच्या अभिसरणाला मुख्य ऊर्जा मिळते ती अशी. सुलोचना गाडगीळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली हिंद महासागराच्या अभ्यासातून दाखवले की, पाण्याचे तापमान सुमारे २८ अंशांवर गेले की मोठे मेघसमूह तयार होण्याची शक्यता एकदम वाढते. मात्र त्यापुढे केवळ पाणी अधिक उष्ण आहे म्हणून ढग येतीलच असे नाही.

प्रशांत महासागराचा हात

सर गिल्बर्ट वॉकर हे १९०४ ते १९२४ या काळात हिंदुस्थानातील वेधशाळांचे महासंचालक होते. मोसमी पावसाच्या अंदाजाचा शोध घेताना त्यांना प्रशांत व हिंद महासागरांवरील वायुदाबात तराजूच्या पारड्यांसारखी वरखाली आढळली. तिचा समुद्राच्या तापमानाशी असलेला संबंध जेकब बियर्कनेस यांनी १९६९ साली स्पष्ट केला. सामान्य स्थितीत इंडोनेशियाजवळील उष्ण पाण्यावर हवा वर चढते आणि पेरूलगतच्या थंड पाण्यावर खाली उतरते. या पूर्व-पश्चिम चक्राला ‘वॉकर अभिसरण’ म्हणतात. एल निनोच्या काळात उष्ण पाणी पूर्वेकडे सरकते, त्याबरोबर हवा वर चढण्याचे क्षेत्रही सरकते आणि भारतीय उपखंडावर हवा खाली उतरण्याची प्रवृत्ती वाढते. उतरत्या हवेत ढग वाढत नाहीत.

तरीही १९९७ साली अतिशय तीव्र एल निनो असताना देशात पाऊस सरासरीइतका झाला. २००२ चा एल निनो त्याहून सौम्य होता, पण त्या हंगामात पाऊस सुमारे १९ टक्के कमी पडला आणि एकट्या जुलैत निम्म्याहून अधिक तूट होती. हिंद महासागराची स्थितीही या समीकरणात असते. त्याचा पश्चिम भाग पूर्वेपेक्षा अधिक तापला, म्हणजेच ‘द्विध्रुव’ धन असला, तर एल निनोचा प्रभाव काही अंशी झाकला जाऊ शकतो. १९९७ मध्ये तशी स्थिती होती.

प्रारूपांतील समुद्र

हवामानाचे प्रारूप पृथ्वीभोवतालची हवा लहान चौकटींत विभागते आणि प्रत्येक चौकटीतील वारा, उष्णता व बाष्प भौतिकशास्त्राच्या समीकरणांनी मोजते. रोजच्या हवामानाचा नेमका अंदाज साधारण दोन आठवड्यांपलीकडे जात नाही. परंतु समुद्राचे तापमान सावकाश बदलते, म्हणून उष्ण कटिबंधातील संपूर्ण हंगामाचा कल आधी सांगता येऊ शकतो, हा विचार ज्यूल चार्नी आणि जगदीश शुक्ल यांनी १९८१ साली मांडला.

त्यानुसार सुरुवातीच्या प्रारूपांना समुद्राचे तापमान बाहेरून पुरवले जाई. प्रशांत महासागरावरील बदल त्यांत बऱ्यापैकी उमटले, मोसमी पाऊस मात्र नीट उमटेना. कारण समुद्र वातावरणाला केवळ उष्णता देत नाही, तर वातावरणाकडून बदललाही जातो. ढगांची सावली आणि जोरदार वारे यांमुळे पाणी थंड होते व पुढील ढगनिर्मितीला लगाम बसतो. तापमान बाहेरून ठरवून दिले की हा लगामच नाहीसा होतो. म्हणून आता समुद्र व वातावरण एकत्र सोडवणारी संयुक्त प्रारूपे वापरतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २०१२ साली सुरू झालेल्या ‘मान्सून मिशन’मध्ये असेच प्रारूप विकसित केले.

संयुक्त प्रारूपांतही दोष आहेत. अनेक प्रारूपांत अरबी समुद्र हिवाळ्यात व वसंतात प्रत्यक्षापेक्षा थंड दिसतो. परिणामी पुढे मोसमी वाऱ्यांना बाष्प कमी मिळते आणि भारतावरील पाऊस कमी दाखवला जातो.

गोव्यासाठी अर्थ

गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. १०० किलोमीटर बाजूच्या एका चौकटीचे क्षेत्रफळ १०,००० चौरस किलोमीटर भरते. अशा चौकटीत किनारपट्टी आणि सह्याद्रीचा कडा एकाच सपाट सरासरीत विरून जातात. त्यामुळे ‘देशात सरासरीपेक्षा कमी पाऊस’ या वाक्यावरून सत्तरी किंवा काणकोणचा पाऊस ठरत नाही. हंगामी अंदाज ही शक्यतेची भाषा आहे. धरणांतील पाण्याचे आणि पेरणीचे नियोजन करताना एप्रिलच्या अंदाजाइतकेच मे अखेरीच्या सुधारित अंदाजाकडे आणि हिंद महासागराच्या स्थितीकडेही लक्ष असावे. एकट्या एल निनोच्या नावावरून निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.