सापडलेला कलावंत हरवला होता का? चरणजीत सिंग आणि मुंबईतील एक विस्मृत ध्वनिमुद्रिका

१/ लग्नसराईत बदलापूरची बेलवली असो, अंबरनाथ असो वा उल्हासनगर. हळदीच्या रात्री बेंजो पार्टीचा आवाज दुरूनही ओळखू येतो. त्या ताफ्यात कीबोर्ड असतो आणि काठ्यांनी वाजवायचा ऑक्टोपॅडही असतो. ऑक्टोपॅड हे जपानच्या रोलँड कंपनीचे १९८५ मधील वाद्य. त्याच कंपनीच्या तीन यंत्रांवर त्याआधीच मुंबईत एक ध्वनिमुद्रिका घडली होती. हा धागा तिच्याविषयी आहे.

२/ साल १९८२. एचएमव्हीसाठी चरणजीत सिंग यांनी एक तबकडी ध्वनिमुद्रित केली. नाव होते ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. भैरव, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग, प्रत्येकी सुमारे पाच मिनिटांचे. गायक नाही, तबला नाही, तानपुराही नाही. जे काही ऐकू येते ते यंत्रांतून.

३/ ही कल्पना आकाशातून पडली नव्हती. १९८० मध्ये ‘कुर्बानी’ आला आणि डिस्कोची लाट उसळली. १९८१ मध्ये नाझिया हसन यांचा ‘डिस्को दीवाने’ घरोघरी पोहोचला; १९८२ च्या अखेरीस ‘डिस्को डान्सर’ प्रदर्शित झाला. चरणजीत सिंग हे चित्रपटसृष्टीतील व्यावसायिक वादक होते. गिटार, बास आणि कळफलकाची वाद्ये ते वाजवीत आणि चित्रपटगीतांच्या वाद्यसंगीताच्या तबकड्याही काढीत. लोकप्रिय ठेक्यावर राग बसवून पाहणे हे त्यांच्या व्यवसायातूनच सुचलेले पाऊल होते.

४/ आता यंत्रे पाहू. टीआर-८०८ हे ठेका देणारे यंत्र, ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर आणि टीबी-३०३ हे लहानसे बास-यंत्र. टीबी-३०३ तयार झाले ते एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बासची साथ मिळावी म्हणून. प्रत्यक्षात त्याचा आवाज खऱ्या बाससारखा वाटेना आणि स्वरावली भरण्याची पद्धतही किचकट होती. गिऱ्हाईक मिळेना, म्हणून १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले.

५/ पण त्या यंत्रात एक सोय होती. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर ते घसरत जाऊ शकत असे. पाश्चात्त्य बासच्या कानाला ही किरकोळ गोष्ट. रागसंगीताच्या कानाला मात्र त्यात मींडेची अंधुक छाया दिसते. रागातले स्वर घेऊन बासची आवर्तने फिरत राहतात, ठेका अढळ राहतो आणि वर ज्युपिटर-८ वर रागाचा विस्तार चालतो. ‘डिस्को’ हे नाव असले, तरी कानावर पडते ते काही वेगळेच.

६/ शास्त्रोक्त आक्षेपही समजून घेतला पाहिजे. कळफलकावरील स्वर ठरावीक अंतरांवर बांधलेले असतात. श्रुतींचे सूक्ष्म भेद तेथे सहजी मिळत नाहीत. याच वादातून आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके हार्मोनियमला दार बंद ठेवले होते. जेथे पेटीलाच प्रवेश नव्हता, तेथे यंत्रावरच्या तोडीचे स्वागत कोण करणार? डिस्कोच्या रसिकाला ती फार रागदारी वाटावी आणि रागाच्या रसिकाला फार डिस्को. तबकडीचा खप बेताचाच राहिला आणि ती विस्मरणात गेली.

७/ इकडे अमेरिकेत शिकागोच्या तरुणांच्या हाती वापरलेली, स्वस्तात मिळणारी टीबी-३०३ लागली. त्याची बटणे फिरवून आवाज पिळवटण्याचा खेळ त्यांनी केला. १९८७ मध्ये ‘फ्यूचर’ या त्रयीची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही तबकडी निघाली आणि ‘ॲसिड हाउस’ या नृत्यसंगीताचा प्रवाह सुरू झाला. तेच यंत्र, बरेचसे तसेच नाद. आणि मुंबईची तबकडी पाच वर्षे आधीची.

८/ २००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला ती जुनी तबकडी दिल्लीत मिळाली. पुढे त्यांनी मुंबईत चरणजीत सिंग यांची गाठ घेतली आणि २०१० मध्ये ‘बॉम्बे कनेक्शन’ या आपल्या संस्थेतर्फे ती पुन्हा प्रकाशित केली. ‘हे १९८२ चे असूच शकत नाही, कोणी तरी केलेली बनवेगिरी असावी’ असा संशयही काहींनी घेतला. उतारवयात सिंग यांनी युरोपात मंचावर हे राग वाजवले. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

९/ तेव्हापासून त्यांना ‘ॲसिड हाउसचे जनक’ म्हटले जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबावे. आधी घडणे म्हणजे कारण असणे नव्हे. ही तबकडी शिकागोच्या त्या तरुणांपर्यंत पोहोचल्याचा पुरावा नाही. एकाच यंत्राने दोन शहरांत दोन वेगळ्या कानांना दोन वाटा दाखवल्या, एवढेच म्हणता येते. मुंबईच्या वाटेचे मोल शिकागोच्या मोजपट्टीवर ठरवण्याची गरजही नाही.

१०/ मग ‘अज्ञात’ कोणाला? मुंबईच्या ध्वनिमुद्रण कक्षांत चरणजीत सिंग अपरिचित नव्हते. सत्तरच्या दशकात केरसी लॉर्ड यांनी चित्रपटसंगीतात मूग सिंथेसायझर आणला, हेही वादकांना ठाऊक होते. पण तबकडीच्या वेष्टनावर गायक, संगीतकार आणि गीतकार यांची नावे छापली जात, वादकांची क्वचितच. कलावंत हरवला नव्हता, त्याची नोंद झाली नव्हती.

११/ अहमदाबादचे उदाहरण असेच आहे. १९६९ मध्ये तेथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकी संगीतकाराच्या साहाय्याने मूग सिंथेसायझर बसवला गेला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर रचना केल्या. त्या फिती संस्थेच्या संग्रहातच होत्या. पॉल पर्गास या ब्रिटिश कलावंताने त्या शोधून ऐकल्या आणि २०२३ मध्ये निवडक रचना प्रकाशित झाल्या.

१२/ दोन्ही ‘शोध’ परक्या कानांनी लावले, याची खंत करण्यापेक्षा फरक कशाने पडला ते पाहावे. तबकडी आणि फीत टिकली, म्हणून कोणाला तरी ती ऐकता आली. बेलवलीच्या मांडवातले वादन मात्र बहुधा त्या रात्रीपुरतेच असते. ज्या घरात एखाद्या पार्टीची जुनी कॅसेट असेल, त्यांनी ती टाकून देऊ नये. वादकांची नावे आठवत असतील तोवर वेष्टनावर लिहून ठेवावीत, सालासकट.

धागा समाप्त.