मुष्टियुद्धाच्या रिंगणापासून हायडेलबर्गच्या तरणतलावापर्यंत : मुरलीकांत पेटकर यांच्या क्रीडाजीवनाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

महाराष्ट्राच्या क्रीडा इतिहासाचे लेखन प्रामुख्याने कुस्ती, क्रिकेट आणि कबड्डी-खोखोसारखे देशी खेळ यांच्याभोवती झालेले आहे. मुष्टियुद्ध हा खेळ या लेखनात क्वचितच येतो. मुंबई-पुण्याबाहेर त्याला नागरी आश्रय फारसा मिळाला नाही आणि त्याची खरी जोपासना लष्करी छावण्यांत झाली, हे त्याचे एक कारण होय. छावणीतील खेळाडूची नोंद पलटणीच्या दप्तरात राहते. ती गावाच्या स्मृतीत सहसा उतरत नाही. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर येथे १ नोव्हेंबर १९४४ रोजी जन्मलेले मुरलीकांत राजाराम पेटकर यांचे क्रीडाजीवन या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. लष्करातील मुष्टियोद्धा म्हणून त्यांनी परदेशात देशाचे प्रतिनिधित्व केले. १९६५ च्या युद्धात कमरेखालील शरीर निकामी झाल्यावर ते जलतरणाकडे वळले आणि १९७२ मध्ये पॅरालिम्पिक स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणारे पहिले भारतीय ठरले. या विजयाची पुरेशी राष्ट्रीय नोंद होण्यास मात्र जवळजवळ अर्धशतक लागले.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) पेटकर यांच्या मुष्टियुद्धातील जडणघडणीची लष्करी पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांच्या पुनर्वसनातून अपंगांच्या क्रीडास्पर्धा कशा विकसित झाल्या, याचा आढावा घेणे.
३) १९७२ च्या विजयाच्या विस्मरणाची कारणे शोधून अहमदनगरसारख्या लष्करी परंपरेच्या जिल्ह्यातील इतिहास संशोधनाशी त्यांचा संबंध जोडणे.

लष्करी मुष्टियुद्धाची परंपरा :

भारतात आधुनिक मुष्टियुद्ध ब्रिटिश लष्कर आणि बंदरांची शहरे यांच्या मार्गाने आले. मुंबई हे त्याचे एक जुने केंद्र होते. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारतीय मुष्टियोद्धे उतरले आणि त्यानंतर १९४९ मध्ये भारतीय हौशी मुष्टियुद्ध महासंघाची स्थापना झाली. संघटना नागरी असली तरी खेळाडूंचा मुख्य पुरवठा सेनादलांकडूनच होत राहिला. नियमित आहार, शिस्तबद्ध सराव, प्रशिक्षक आणि नोकरीची हमी या चार गोष्टी एकत्र मिळण्याचे ठिकाण त्या काळी छावणी हेच होते.

याचे फलित पुढील दोन उदाहरणांवरून लक्षात येते. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत लाइटवेट गटात सुवर्णपदक मिळविणारे पदमबहादूर मल्ल हे लष्करी जवान होते. जोरदार ठोशांसाठी ख्यातकीर्त असलेले हेवीवेट गटातील हवासिंग हेही सैनिकच होते. त्यांनी १९६१ पासून सलग अकरा वेळा राष्ट्रीय विजेतेपद राखले आणि १९६६ व १९७० अशा दोन आशियाई स्पर्धांत सुवर्णपदके मिळविली. पेटकर याच पिढीचे आणि याच व्यवस्थेत घडलेले मुष्टियोद्धे होत.

पेठ इस्लामपूर ते टोकियो :

कृष्णा-वारणा खोऱ्यातील गावांत तालीम ही सार्वजनिक संस्थाच होती. याच परिसरालगतच्या कऱ्हाडजवळील गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक आणले, तेव्हा पेटकर सात वर्षांचे होते. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होते. अशा वातावरणात वाढलेल्या मुलाची पहिली ओढ तांबड्या मातीकडे असणे स्वाभाविक होते. पेटकर यांचीही सुरुवात कुस्तीनेच झाली.

किशोरवयात ते लष्कराच्या बॉइज बटालियनमध्ये दाखल झाले आणि पुढे विद्युत व यांत्रिकी अभियंता दलात, म्हणजेच ईएमईमध्ये, क्राफ्ट्समन या पदावर त्यांची नेमणूक झाली. क्राफ्ट्समन म्हणजे कारागीर जवान. रणगाडे, वाहने, तोफा व यंत्रसामग्री दुरुस्त ठेवणे हे या दलाचे काम होय. पेटकर यांनी हॉकी आणि मुष्टियुद्ध या खेळांत प्रावीण्य दाखविले आणि लवकरच मुष्टियुद्ध हा त्यांचा मुख्य खेळ ठरला. मल्लाची मजबूत मान, खांदे व कंबर मुष्टियोद्ध्यासही उपकारक असतात. तथापि कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला जवळ ओढावे लागते, तर मुष्टियुद्धात अंतर राखून नेमक्या क्षणी ठोसा द्यावा लागतो. हे परिवर्तन लष्करी प्रशिक्षणाशिवाय ग्रामीण मुलास सहज साधणारे नव्हते.

१९६४ मध्ये टोकियो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय सेनादल क्रीडास्पर्धेत पेटकर यांनी मुष्टियुद्धात भारतीय सेनादलांचे प्रतिनिधित्व केले. त्या वेळी ते विशीच्या उंबरठ्यावर होते. हौशी मुष्टियोद्ध्याच्या दृष्टीने हा उमेदीचा आरंभकाळ होय; सर्वोत्तम वर्षे अजून पुढे होती. ती रिंगणात यावयाची नव्हती.

१९६५ चे युद्ध, सियालकोट आघाडी आणि अहमदनगर :

सप्टेंबर १९६५ मध्ये भारतीय सैन्याने सियालकोट क्षेत्रात चढाई केली. फिल्लौरा आणि चविंडा येथील लढाया या दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मोठ्या रणगाडायुद्धांत गणल्या जातात. पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांना याच आघाडीवर १६ सप्टेंबर १९६५ रोजी वीरमरण आले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले.

या आघाडीचा अहमदनगरशी असलेला संबंध लक्षणीय आहे. भारतीय चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र व विद्यालय स्वातंत्र्यानंतर अहमदनगर येथे स्थिरावले आणि रणगाडा दलाच्या जवानांच्या कित्येक पिढ्या येथील मैदानांवर तयार झाल्या. शहरात १९९४ मध्ये सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात १९६५ च्या युद्धाच्या खुणा आजही पाहावयास मिळतात. तथापि संग्रहालयात यंत्रे जतन होतात. यंत्रे चालविणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या जवानांच्या जखमांचा इतिहास तेथे सामावत नाही.

याच सियालकोट क्षेत्रात पेटकर शत्रूच्या गोळीबारात गंभीर जखमी झाले. त्यांच्या शरीरात अनेक गोळ्या शिरल्या. त्यांपैकी एक पाठीच्या कण्यात रुतून राहिली आणि कमरेखालील भाग कायमचा लुळा पडला. मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदल रुग्णालयात त्यांच्यावर दीर्घ उपचार झाले. मुष्टियुद्धात ठोशाची ताकद तळपायापासून उगम पावते आणि कंबर व खांद्यांतून मुठीपर्यंत पोहोचते. पाय गमावणे म्हणजे त्या खेळाचा पायाच गमावणे होते.

पुनर्वसनाची चळवळ आणि नवे मैदान :

दुसऱ्या महायुद्धापूर्वी पाठीच्या कण्याला इजा झालेला रुग्ण फार काळ जगत नसे. शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा संसर्ग ही मृत्यूची प्रमुख कारणे होती. जर्मनीतून इंग्लंडमध्ये आश्रयास आलेले डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात अशा रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग उभारला आणि खेळ हा उपचाराचाच भाग मानला. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच, त्यांनी सोळा जायबंदी सैनिक स्त्री-पुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. आजच्या पॅरालिम्पिक चळवळीचा उगम येथे आहे. म्हणजेच ही चळवळ युद्धातून आणि रुग्णालयातून जन्मली. पेटकर यांचा मार्गही तोच होता.

रुग्णालयात त्यांना जलव्यायाम सुचविण्यात आला. पाण्यात शरीराचा भार हलका होतो आणि निकामी पाय अडथळा ठरत असले तरी खांदे व दंड यांच्या बळावर पुढे सरकता येते. मुष्टियोद्ध्याने वर्षानुवर्षे कमावलेले खांदे येथे उपयोगी पडले असावेत, हे अनुमान वावगे ठरू नये. केवळ पोहण्यावर न थांबता त्यांनी गोळाफेक, थाळीफेक, भालाफेक व टेबल टेनिस हे प्रकारही आत्मसात केले आणि १९६७ मध्ये राज्य पातळीवर विजेतेपदे मिळविली. माजी कसोटीपटू विजय मर्चंट यांनी अपंग खेळाडूंना दिलेले साहाय्य या टप्प्यावर मोलाचे ठरले. १९६८ मध्ये तेल अवीव येथील स्पर्धेत भारताने प्रथमच संघ पाठविला. त्या संघातून पेटकर टेबल टेनिस खेळले आणि त्यांनी पहिली फेरी पार केली. दरम्यान १९६९ मध्ये ते लष्करी सेवेतून निवृत्त झाले व पुढे पुण्यात टेल्को कंपनीत त्यांनी नोकरी केली. १९७० मध्ये एडिंबरो येथील राष्ट्रकुल पॅराप्लेजिक स्पर्धेत त्यांनी ५० मीटर मुक्तशैली जलतरणात सुवर्ण, भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत कांस्य अशी तीन पदके मिळविली.

हायडेलबर्ग, १९७२ :

१९७२ ची अपंगांची जागतिक स्पर्धा म्युनिकमध्येच होणे अपेक्षित होते. परंतु तेथील क्रीडाग्रामाचे ऑलिम्पिकनंतर लगेच खासगी निवासस्थानांत रूपांतर व्हावयाचे असल्याने ती हायडेलबर्ग येथे हलविण्यात आली. म्युनिक ऑलिम्पिकचे उद्घाटन होण्यापूर्वीच, ऑगस्टच्या पूर्वार्धात, ही स्पर्धा पार पडली. त्या काळी फक्त कण्याची इजा झालेलेच खेळाडू तीत भाग घेऊ शकत. अवयव गमावलेल्या व दृष्टिहीन खेळाडूंचा समावेश १९७६ पासून झाला.

पेटकर यांनी ५० मीटर मुक्तशैली प्रकारात आपल्या वर्गवारीत ३७.३३ सेकंद वेळ नोंदवून सुवर्णपदक मिळविले आणि ही वेळ विश्वविक्रम ठरली. याच वर्षी म्युनिकमध्ये भारताच्या वाट्यास केवळ हॉकीचे कांस्यपदक आले. ऑलिम्पिकमध्ये भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्ण अभिनव बिंद्रा यांनी २००८ मध्ये मिळविले, तर पॅरालिम्पिकमधील दुसऱ्या भारतीय सुवर्णासाठी २००४ मधील देवेंद्र झाझरिया यांच्या भालाफेकीची वाट पाहावी लागली. ३२ वर्षांचे हे अंतर पाहिले म्हणजे हायडेलबर्गच्या त्या शर्यतीचे मोल ध्यानात येते.

विस्मरण आणि मान्यता :

महाराष्ट्र शासनाने १९७५ मध्ये पेटकर यांना शिवछत्रपती पुरस्कार दिला. राष्ट्रीय पातळीवर मात्र पद्मश्री २०१८ मध्ये मिळाली, तर जीवनगौरव स्वरूपाचा अर्जुन पुरस्कार १७ जानेवारी २०२५ रोजी, वयाच्या ऐंशी वर्षांनंतर, राष्ट्रपतींच्या हस्ते प्रदान झाला. पदमबहादूर मल्ल यांना १९६२ मध्ये आणि हवासिंग यांना १९६६ मध्ये, म्हणजे विजयाच्याच वर्षी, अर्जुन पुरस्कार लाभला होता. ही तुलना बोलकी आहे.

या विलंबामागे व्यक्तिगत उपेक्षेखेरीज काही रचनात्मक कारणे दिसतात. पहिले कारण नावाचे. १९७२ ची स्पर्धा त्या वेळी एकविसावी आंतरराष्ट्रीय स्टोक मँडेव्हिल स्पर्धा म्हणून भरली होती. तिला चौथी पॅरालिम्पिक स्पर्धा ही ओळख चळवळीच्या उत्तरकालीन इतिहासाने रूढ केली आणि आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समिती तर १९८९ मध्ये स्थापन झाली. ज्या नावाने विजय मिळाला, ते नाव भारतीय वाचकास अपरिचित होते. दुसरे कारण परंपरा खंडित होण्याचे. १९७६ व १९८० या स्पर्धांत भारताचा सहभाग नव्हता. पुढील पदके १९८४ मध्ये जोगिंदरसिंग बेदी व भीमराव केसरकर यांनी आणली. मागून येणारे खेळाडू नसले की अग्रेसराची आठवण ठेवणारेही उरत नाहीत. तिसरे कारण दृष्टीचे. अपंगत्वाकडे दया किंवा कल्याणाचा विषय म्हणून पाहिले जात असल्याने अशा खेळाडूची कामगिरी क्रीडापानाऐवजी समाजसेवेच्या सदरात जमा होत असे. अपंग व्यक्तींसाठीचा पहिला सर्वंकष कायदा १९९५ मध्ये झाला आणि क्रीडाविषयक स्वतंत्र कलम २०१६ च्या कायद्यात आले, ही बाब या संदर्भात विचारार्ह ठरते.

जून २०२४ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘चंदू चॅम्पियन’ या हिंदी चित्रपटाने पेटकर यांचे नाव देशभर पोहोचविले. त्याचे सामाजिक मूल्य मान्य करूनही चित्रपट हे इतिहासाचे साधन नव्हे, हे भान आवश्यक आहे. एकट्या माणसाच्या जिद्दीवर कथानकाचा भर असतो. इतिहासाला त्या जिद्दीच्या जोडीने रुग्णालय, व्यायामोपचार, प्रवासखर्च देणारे हात आणि नोकरी यांचाही हिशेब मांडावा लागतो. अशी साधने ज्यांना लाभली नाहीत, त्या इतर जायबंदी सैनिकांचे काय झाले, हा प्रश्नही त्यातूनच पुढे येतो. खडकी येथे १९७४ मध्ये पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र सुरू झाले, ते या प्रश्नाला मिळालेले एक संस्थात्मक उत्तर होते.

निष्कर्ष :

१) पेटकर यांची मुष्टियोद्धा म्हणून झालेली घडण ही ग्रामीण तालीम आणि लष्करी छावणी या दोन संस्थांच्या संयोगातून झाली. त्यांच्या नंतरच्या यशाचे शारीरिक भांडवलही येथेच जमा झाले.

२) १९७२ चे सुवर्णपदक हा युद्धोत्तर पुनर्वसनाच्या जागतिक चळवळीचा भारतीय आविष्कार होता. त्याचे मूल्यमापन खेळ, वैद्यक आणि लष्करी इतिहास या तिन्ही अंगांनी व्हावयास हवे.

३) मान्यतेस लागलेला विलंब हा नोंदींच्या अभावाचा व वर्गीकरणाचा परिणाम आहे. खाशाबा जाधव यांनाही अर्जुन पुरस्कार मरणोत्तरच मिळाला. त्यामुळे हा दोष केवळ अपंगांच्या क्रीडाक्षेत्रापुरता मर्यादित म्हणता येणार नाही.

४) २०२४ मध्ये अहिल्यानगर हे नाव धारण केलेल्या अहमदनगर जिल्ह्यात लष्करी केंद्रे आणि माजी सैनिकांची कुटुंबे आहेत. पलटणीतील मुष्टियुद्धाच्या स्पर्धा, क्रीडापटू जवान आणि युद्धात जायबंदी झालेले सैनिक यांच्या मौखिक आठवणी संकलित करण्याचे कार्य येथील महाविद्यालयांच्या इतिहास व शारीरिक शिक्षण विभागांनी संयुक्तपणे हाती घेणे शक्य आहे. १९६५ च्या युद्धातील सर्वांत तरुण सैनिकही आज ऐंशीच्या आसपास पोहोचलेले आहेत. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सांगली जिल्ह्याच्याच सचिन खिलारी यांनी गोळाफेकीत रौप्यपदक मिळविले, तेव्हा त्याची वार्ता त्याच दिवशी घरोघरी पोहोचली. पेटकर यांच्या पिढीच्या वाट्यास ते भाग्य आले नाही. तिच्या आठवणी टिपण्यासाठी उरलेला अवधी थोडा आहे.