रॉक जलसा

रॉक संगीताचा प्रत्यक्ष श्रोत्यांसमोर सादर होणारा जाहीर कार्यक्रम. गायन, विद्युत् गिटार, बेस गिटार व ड्रम हे त्याचे प्रमुख घटक असून विवर्धक आणि ध्वनिक्षेपक यांच्या साहाय्याने हे संगीत मोठ्या समुदायापर्यंत पोहोचविले जाते. ध्वनिमुद्रिका एकट्याने ऐकता येते; जलशाला मात्र श्रोता बहुधा मित्राच्या किंवा मित्रमंडळींच्या सोबतीने जातो आणि तेथे हजारो अनोळखी लोकांबरोबर टाळ्या, नृत्य व समूहगान यांत सहभागी होतो. त्यामुळे श्रोतृसमुदाय हा या कार्यक्रमाचाच एक घटक बनतो. या समुदायापर्यंत आवाज पोहोचविण्याचे तंत्र लवकर प्रगत झाले. त्याच्या सुरक्षिततेचा शास्त्रीय विचार मात्र बराच उशिरा आणि मनुष्यहानी घडल्यानंतर होऊ लागला.

उगम व विकास : अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरी २१ मार्च १९५२ रोजी आकाशवाणी-निवेदक ॲलन फ्रीड याच्या पुढाकाराने झालेला ‘मूनडॉग कॉरोनेशन बॉल’ हा सामान्यतः पहिला रॉक जलसा मानला जातो. सु. १०,००० लोकांची सोय असलेल्या क्रीडागारात त्याच्या जवळजवळ दुप्पट लोक लोटले. दारे मोडली गेली आणि कार्यक्रम सुरू होताच थांबवावा लागला. अशा रीतीने गर्दीचा प्रश्न या प्रकाराच्या जन्माबरोबरच उभा राहिला.

सुरुवातीचे कार्यक्रम नृत्यगृहांत व नाट्यगृहांत होत. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये इंग्लंडच्या ‘बीटल्स’ या चमूने सु. ५५,००० श्रोत्यांसमोर कार्यक्रम केला. तत्कालीन विवर्धक इतक्या विस्तीर्ण जागेस अपुरे होते आणि श्रोत्यांच्या किंकाळ्यांत संगीत बुडून गेले. खुद्द वादकांनाही आपले वादन नीट ऐकू येईना. पुढील वर्षी, २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रॅन्सिस्को येथील कार्यक्रमानंतर या चमूने जाहीर दौरे थांबविले. त्याच सुमारास लंडनमध्ये जिम मार्शल याने १०० वॉटचे शक्तिशाली विवर्धक तयार केले. पुढे मुख्य ध्वनिक्षेपक-योजनेबरोबरच वादकांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून रंगमंचावर वेगळे ध्वनिक्षेपक ठेवण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे क्रीडांगणे व उघडी मैदाने ही जलशांची नेहमीची स्थळे बनली.

महोत्सव : कॅलिफोर्नियातील माँटेरी येथे जून १९६७ मध्ये झालेल्या तीन दिवसांच्या महोत्सवात रविशंकर यांच्या सतारवादनास उत्स्फूर्त दाद मिळाली. मात्र याच महोत्सवात ‘द हू’ या चमूने रंगमंचावर वाद्ये फोडली आणि जिमी हेंड्रिक्सने आपली गिटार पेटविली. वाद्य पूजनीय मानणाऱ्या परंपरेत वाढलेल्या रविशंकरांना हे प्रकार रुचले नाहीत.

न्यूयॉर्क राज्यातील बेथेल येथे, मॅक्स यास्गर याच्या दुग्धव्यवसायाच्या शेतजमिनीवर १५ ते १८ ऑगस्ट १९६९ या काळात भरलेल्या वुडस्टॉक महोत्सवास चार लाखांवर लोक आल्याचा अंदाज आहे. कुंपण वेळेत पूर्ण न झाल्याने तिकिटांना अर्थ उरला नाही. रस्ते वाहनांनी तुंबले, पाऊस पडला, अन्नाचा व स्वच्छतेचा तुटवडा भासला. तरीही जमाव एकंदरीत शांत राहिला व परिसरातील रहिवाशांनी अन्न पुरविले. व्हिएटनाम युद्धाच्या त्या काळात हा महोत्सव युवकांच्या सहजीवनाच्या आकांक्षेचे प्रतीक ठरला. त्यानंतर चारच महिन्यांनी, ६ डिसेंबर १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील आल्टामाँट येथील विनामूल्य जलशात याच्या उलट चित्र दिसले. जागा ऐन वेळी ठरली होती, रंगमंच सखल होता आणि त्याच्या रक्षणासाठी ‘हेल्स एंजल्स’ या मोटारसायकलस्वारांच्या टोळीस योजिले होते. ‘रोलिंग स्टोन्स’चे वादन चालू असताना त्यांच्यापैकी एकाने मेरेडिथ हंटर या १८ वर्षांच्या कृष्णवर्णीय युवकास भोसकून ठार केले. सद्भावना ही व्यवस्थेची जागा घेऊ शकत नाही, हे या घटनेने स्पष्ट केले.

लोकहितार्थ जलसे : बांगला देशातील निर्वासितांच्या दुःस्थितीने व्यथित झालेल्या रविशंकरांनी आपला मित्र जॉर्ज हॅरिसन याच्याकडे साहाय्य मागितले. त्यातून १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोन कार्यक्रम झाले. आरंभी रविशंकर, अली अकबर खाँ व अल्लारखाँ यांनी वाद्ये जुळवून घेतली, तेव्हा तेच वादन समजून श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्या. दोन संगीतपरंपरांमधील अंतर त्यातून दिसले, तसे श्रोत्यांचे औत्सुक्यही. जमलेला निधी युनिसेफकडे सुपूर्द करण्यात आला. इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी १३ जुलै १९८५ रोजी लंडन व फिलाडेल्फिया येथे एकाच दिवशी झालेला ‘लाइव्ह एड’ हा कार्यक्रम उपग्रहाद्वारे जगभर दाखविला गेला.

दुर्घटना व सुरक्षितता : ३ डिसेंबर १९७९ रोजी सिनसिनाटी येथे ‘द हू’च्या कार्यक्रमाची बहुतेक तिकिटे आसनक्रमांकाविना विकली होती, साहजिकच पुढची जागा मिळविण्यासाठी प्रेक्षक तासन्‌तास दारांशी दाटीने उभे होते. आतून संगीत ऐकू येताच कार्यक्रम सुरू झाला अशा समजुतीने मागील लोक पुढे सरकले. मोजकीच दारे उघडली गेल्याने पुढील लोक चेंगरले. ११ तरुण-तरुणी मृत्युमुखी पडले. गर्दी अधिक बिथरू नये म्हणून कार्यक्रम चालू ठेवण्यात आला. वादकांना ही वार्ता तो संपल्यावरच कळली. त्यानंतर शहराने विनाक्रमांक आसनपद्धतीवर बंदी घातली. ती २००४ मध्ये उठविण्यात आली. डेन्मार्कमधील रोस्किल्ड महोत्सवात ३० जून २००० रोजी रंगमंचापुढील दाटीत ९ जण दगावले.

अशा घटनांचा ठपका प्रारंभी श्रोत्यांच्या बेफामपणावर ठेवला जाई. जॉन फ्रुइन यासारख्या अभ्यासकांनी निराळे कारण दाखवून दिले. दर चौरस मीटरला सु. सात माणसे झाली, की समुदाय द्रवासारखा हलू लागतो. व्यक्तीला स्वतःच्या इच्छेने हालचाल करता येत नाही, शेजारच्या मित्राचा धरलेला हातही सुटतो. मृत्यू बहुधा तुडविले जाण्याने नव्हे, तर छातीवरील दाबामुळे श्वास कोंडून होतात. पुढे काय घडते आहे, हे मागच्यांना समजत नाही. म्हणून समुदायाचे अडथळ्यांनी लहान भाग पाडणे, प्रवेशद्वारे पुरेशी व वेळेवर उघडणे आणि संकट दिसताच वादन थांबविण्याचा अधिकार ठरवून देणे, हे उपाय महत्त्वाचे मानले जातात. श्रवणशक्तीच्या रक्षणासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा स्थळी सरासरी ध्वनिपातळी १०० डेसिबलपर्यंत मर्यादित ठेवण्याची शिफारस केली.

भारत : १९७० च्या सुमारास मुंबईत ‘सिमला बीट’ या स्पर्धेद्वारे देशभरातील हौशी चमू पुढे आले. इंग्लंडच्या ‘द पोलीस’ या चमूचा कार्यक्रम १९८० मध्ये मुंबईत झाला. ३० सप्टेंबर १९८८ रोजी ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या मानवी हक्क मोहिमेतील जलसा दिल्लीत झाला. त्यात ब्रूस स्प्रिंगस्टीन, स्टिंग, पीटर गेब्रिएल, ट्रेसी चॅपमन व यूसू न्दूर यांचा सहभाग होता. मुंबईत १९८६ पासून सुरू झालेल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ या महोत्सवाने धोबीतलाव भागातील रंगभवन या खुल्या नाट्यगृहास महाविद्यालयीन युवकांचे संमेलनस्थान बनविले. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तेथील जलसे बंद पडले. ‘आयर्न मेडन’ या चमूच्या मार्च २००७ मधील बंगलोरच्या कार्यक्रमास दूरदूरच्या शहरांतून श्रोते आले. पुण्यात २०१० मध्ये ‘एनएच ७ वीकेंडर’ हा महोत्सव सुरू झाला व भारतीय चमूंच्या स्वतंत्र रचनांना त्याने मोठे व्यासपीठ मिळवून दिले.