युक्तीची मालकी

तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्याची हकीकत मावळातल्या श्रोत्यांना विस्ताराने सांगावयास नको. अंताजी दामोदर काळे यांनी दरसाल माणशी एक पैसा मागत गावोगाव वर्गणी जमवली, लोकमान्यांनी त्यांना पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगावात काचेची भट्टी पेटली. जपानात काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे आरंभी प्रमुख होते. कारखान्याला नफा किती झाला हा प्रश्न आज बाजूला ठेवू. मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळी. तो कारखाना ही शाळाही होती. तेथे शिकलेली माणसे बाहेर पडली आणि देशात ठिकठिकाणी दुसऱ्या भट्ट्यांवर उभी राहिली. भट्टीला ताव किती द्यावा, नळीच्या टोकावर रस किती घ्यावा, या गोष्टी खाजगी कारखानदार प्राणापलीकडे जपतो. येथे पैसा लोकांचा होता, म्हणून युक्तीही लोकांची झाली.

आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांपुढे हा युक्तीचा प्रश्न बहुधा उलट्या बाजूने येतो. एका कारखान्यातला एक टर्नर माझ्या ओळखीचा. जॉब पकडण्यासाठी त्याने स्वतःच्या डोक्याने एक जिग बनवला आणि दर नगामागे मिनिटभर वाचवले. सुपरवायझरने पाठ थोपटली. पुढच्या महिन्यात साऱ्या खात्याचे टार्गेट वाढले. त्यानंतर त्या खात्यात कोणाला काही सुचले, तरी ते त्याच्या टूलबॉक्सच्या तळाशीच राहिले. हा आळस नव्हे. अमेरिकेतील फ्रेडरिक टेलर हा काही कामगारांचा कैवारी नव्हता. पण १९११ च्या आपल्या पुस्तकात त्यानेच लिहून ठेवले आहे की, जास्त काम काढले की मालक दर कापतो हे ओळखून कामगार हात आखडता घेतो. त्याच पुस्तकात बिडाचे ठोकळे वाहणाऱ्या एका मजुराची गोष्ट आहे. दिवसाला साडेबारा टन वाहणारा तो माणूस साडेसत्तेचाळीस टन वाहू लागला आणि त्याचा रोज १ डॉलर १५ सेंटांवरून १ डॉलर ८५ सेंटांवर गेला. काम जवळजवळ चौपट, मजुरी दीडपटीहून थोडी अधिक. बाकीचे कोठे गेले हे या सभेत सांगावयास नको.

तेव्हा माझ्यासारख्याला कुतूहल असे की, आपली युक्ती हौसेने चव्हाट्यावर मांडणारी आणि दुसऱ्याने ती सुधारली म्हणजे आनंद मानणारी माणसे यंत्रयुगात कोठे झाली काय? तशी ती झाली, आणि फार जुनी गोष्ट नाही.

१९७५ च्या जानेवारीत अमेरिकेतील एका मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ या संगणकाचे चित्र आले. सुटे भाग घरी आणून आपणच जोडावयाचे, अशी ती पेटी. तिची मूळची स्मृती अवघी २५६ बाइट, म्हणजे २५६ अक्षरे मावतील एवढी. तिला हुकूम द्यावयाचे ते समोरची बटणे खालीवर करून. त्याच वर्षी ५ मार्चला कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क येथे एका गॅरेजमध्ये हौशी मंडळी जमली आणि ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ निघाला. यंत्राशी थोड्याशा सोप्या शब्दांत बोलता यावे म्हणून ‘बेसिक’ नावाची भाषा होती. अल्टेअरसाठी ती बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी लिहून विकावयास काढली. तिची भोके पाडलेली कागदी पट्टी क्लबात आली, तिच्या नकला निघाल्या आणि रीत अशी पडली की, एक नक्कल न्यावी आणि पुढच्या वेळी दोन करून आणाव्या.

३ फेब्रुवारी १९७६ रोजी गेट्स यांनी या हौशी मंडळींना उघड पत्र लिहिले. तुमच्यापैकी बहुतेक जण चोरी करता. आमच्या श्रमाचा हिशेब केला तर ताशी दोन डॉलरही पडत नाहीत, असा त्याचा मथितार्थ. पुढे हेच गृहस्थ जगातले सर्वांत श्रीमंत झाले म्हणून त्या पत्राला हसण्याची चाल आहे. मजुरीचा हिशेब मागणाऱ्याला हसणे मात्र माझ्या धंद्यात बसत नाही.

परंतु हौशी मंडळींचे खरे उत्तर नकला काढण्यात नव्हते. डेनिस ॲलिसन यांनी ‘टायनी बेसिक’ या छोट्या भाषेचा आराखडा ‘पीपल्स कॉम्प्युटर कंपनी’च्या पत्रकात आधीच छापला होता. वाचकांनी तो घ्यावा, आपापल्या यंत्रावर बसवावा आणि केलेले काम परत पाठवावे. टेक्सासमधून डिक व्हिपल आणि जॉन आर्नोल्ड यांनी पहिला अवतार पाठवला. एवढ्यासाठी १९७६ च्या जानेवारीत ‘डॉ. डॉब्ज जर्नल’ हे स्वतंत्र मासिकच सुरू झाले. त्यात संपूर्ण प्रोग्रॅम, ओळीमागून ओळ, छापून येई.

त्या वर्षीच्या मे महिन्यात ली-चेन वांग यांचे ‘पालो आल्टो टायनी बेसिक’ प्रसिद्ध झाले. सबंध भाषा दोन हजार बाइटांच्या आत! हे कसे साधले ते थोडे पाहण्यासारखे आहे. प्रोग्रॅममध्ये तेच ते काम वारंवार लागते, आणि ते करणाऱ्या तुकड्याला हाक मारण्याचा साधा हुकूम तीन बाइट खातो. इंटेलच्या ८०८० या चिपमध्ये एका बाइटात हाक मारण्याच्या आठ जागा होत्या. वांग यांनी सर्वांत जास्त लागणारी कामे त्या जागांवर बसवली. प्रत्येक हाकेमागे दोन बाइट वाचले. शंभर हाका असतील तर दोनशे. चुकांचे निरोपही त्यांनी तीनच ठेवले : ‘काय?’, ‘कसे?’ आणि ‘क्षमस्व’. आमच्या सरकारी कचेऱ्यांतही याहून फारसे अधिक सांगत नाहीत. माथ्यावर त्यांनी लिहिले, ‘सर्व गैर स्वाधीन’. पुस्तकांवरच्या ‘सर्व हक्क स्वाधीन’ची ती थट्टा. पुढे ऑक्टोबरात रॉजर राउस्कोल्ब यांनी तोच प्रोग्रॅम सुधारला, तेव्हा वांग यांचे नाव वर कायम ठेवून आपले खाली घातले आणि ती थट्टाही तशीच राहू दिली.

माझ्या टर्नरने वाचवलेले मिनिट आणि वांग यांनी वाचवलेले दोन बाइट यांत कारागिरीचा भेद नाही. भेद आहे तो वाचलेले कोणाच्या पदरात पडते याचा. वांग यांचे बाइट ज्याच्या पेटीत वाचले, त्याच्याच उपयोगी आले. मध्ये घड्याळ घेऊन कोणी उभा नव्हता आणि कोणाचे टार्गेट वाढले नाही. हेही खरे की, या मंडळींपैकी पुष्कळांची चूल दुसऱ्या पगारावर पेटत होती.

औदार्यावर विसंबून भागणार नाही, हे पुढे रिचर्ड स्टॉलमन यांनी ओळखले. १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ या मुक्त प्रणालीची घोषणा केली आणि १९८९ मध्ये तिच्यासाठी परवाना लिहिला : घ्या, बदला, वाटा, पण बदललेले वाटाल तेव्हा त्याचा मूळ मजकूरही त्याच अटीवर द्या. आमच्या भाषेत हा करार झाला. युनियनवाल्याला त्याची गोडी लगेच कळते.

कराराने नक्कल परत आली, मजुरी आली नाही. असे परवाने अनेक निघाले, काही याहून पुष्कळ सैल, आणि लोकांनी फुकट लिहिलेल्या प्रोग्रॅमांवर मोठमोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या. इंटरनेटवरचे व्यवहार गुप्त ठेवणारा ‘ओपनएसएसएल’ हा प्रोग्रॅम जगभर वापरात होता. एप्रिल २०१४ मध्ये त्यात ‘हार्टब्लीड’ नावाचे भगदाड सापडले. तेव्हा उघड झाले की, त्यावर पूर्णवेळ काम करणारा एकच माणूस होता आणि वर्षाला देणगी जमत होती सुमारे दोन हजार डॉलर. मावळातून रोज हिंजवडीला जाणाऱ्या मुलामुलींना हे नवीन नाही. असल्या फुकट मिळालेल्या तुकड्यांवरच त्यांचे निम्मे काम चालते.

त्याच महिन्यात डझनभर बड्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत एक फंड काढला. प्रत्येकीने निदान एक लाख डॉलर दरसाल, तीन वर्षे द्यावयाचे ठरले. काळ्यांनी माणशी एक पैसा मागितला होता, आणि तोही भट्टी पेटण्याच्या आधी.