सात देवळांची वारी

संत फिलिप नेरी यांना हिंदुस्थानात यावयाचे होते, ही गोष्ट आपल्याकडील फारच थोड्या भाविकांना ठाऊक असेल. संत फ्रान्सिस झेवियर यांनी पूर्वेकडून धाडलेली पत्रे त्या काळी रोममध्ये फिलिप यांच्या बैठकीत वाचली जात. ती ऐकून १५५७ च्या सुमारास फिलिप आणि त्यांचे सुमारे वीस सोबती यांनी हिंदुस्थानची वाट धरण्याचे मनात घेतले. ते आले मात्र नाहीत. का आले नाहीत, आणि स्वतः न येताही पुढे ते आपल्या भूमीवर कसे पोहोचले, हे सांगण्यासाठी आम्ही लेखणी हाती घेतली आहे.

निमित्त घडले ते असे. ज्युबिलीच्या २०२५ सालातील ऑक्टोबर महिन्यात आमच्या धर्मग्रामातील यात्रेकरूंबरोबर आम्ही रोमला गेलो होतो. एक दिवस मोकळा मिळाला. मंडळी बाजारहाट करण्यास निघाली आणि आम्ही एकटेच बाहेर पडलो. हे शहर आम्हास नवे नव्हते. तरुणपणी शिक्षणासाठी तेथे आमची तीन वर्षे गेली होती. पण त्या वर्षांत जे राहून गेले, ते त्या दिवशी करावयाचे ठरविले. फिलिप नेरी यांनी रूढ केलेली सात महामंदिरांची वारी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, पायी करावयाची.

पहाटेच ‘नवे देऊळ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, पवित्र मरियेच्या वाल्लिचेल्ला येथील चर्चमध्ये गेलो. तेथे डाव्या बाजूच्या कपेलात फिलिप यांचा देह विसावला आहे. त्यांचा जन्म १५१५ साली फ्लोरेन्स येथे झाला. विशीच्या आत ते रोमला आले आणि मरेपर्यंत, म्हणजे २६ मे १५९५ पर्यंत, त्यांनी हे शहर सोडले नाही. पहिली सतरा-अठरा वर्षे ते साधे प्रापंचिक होते. रस्त्यात, दुकानाच्या दारात, इस्पितळात ते लोकांशी बोलत आणि बोलता बोलता त्यांना देवाकडे वळवीत. त्यांना गुरुदीक्षा मिळाली ती १५५१ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. त्यांच्याभोवती जमलेल्या मंडळींच्या प्रार्थनागृहास ‘ओरॅटरी’ हे नाव पडले आणि १५७५ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी त्या संघास मान्यता दिली. या संघातील गुरू एकत्र राहत. पण संन्यासी संघांप्रमाणे व्रतांनी बांधले जात नसत. ही बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

सात देवळांची यात्रा फिलिप यांच्याही पूर्वीची. त्यांनी तिला आनंदाची जोड दिली. उपवासकाळापूर्वीच्या कार्निवलमध्ये रोमचे लोक मुखवटे घालून रस्त्यावर धिंगाणा घालीत. त्या दिवसांतल्या गुरुवारी फिलिप शेकडो लोकांना घेऊन गात गात नगराबाहेर पडत. गर्दी वाढली तसा वरिष्ठांना संशय आला. पोप चौथे पॉल यांच्या कारकिर्दीत, हा मनुष्य नवा पंथ काढीत आहे, असे म्हणून त्यांच्या या यात्रांवर आणि पापनिवेदने ऐकण्यावर काही काळ बंदी आली. फिलिप यांनी तक्रार केली नाही. बंदी उठली, पुन्हा चालू लागले.

संत पेत्र महामंदिरात ज्युबिलीची रांग मोठी होती. तेथे गुडघे टेकून आम्ही टायबर नदीच्या काठाने दक्षिणेकडे निघालो आणि संत पौल महामंदिर गाठले. फिलिप यांनी पाहिलेले प्राचीन देऊळ १८२३ च्या जुलै महिन्यात एका रात्री आगीत भस्मसात झाले. आज दिसते ते नव्याने बांधलेले असून १८५४ मध्ये त्याचे अभिषेकार्पण झाले. प्रेषिताची कबर मात्र जागची हललेली नाही.

तेथून आडवाट करून आम्ही बसने त्रे फोंताने येथे गेलो. परंपरेनुसार प्रेषित पौलाचा शिरच्छेद याच ठिकाणी झाला. या मठातील एका सिस्टर्सियन संन्याशाचा सल्ला घेण्यास फिलिप आले होते. संन्याशाने प्रार्थनेसाठी अवधी मागून घेतला आणि मग उत्तर दिले, ते असे की फिलिपचा हिंदुस्थान रोममध्येच आहे. फिलिप माघारी फिरले आणि हिंदुस्थानचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही. निलगिरीच्या झाडांखाली आम्ही बराच वेळ बसून राहिलो. वीस माणसांनी तयारी केली असेल, घरच्यांचे निरोप घेतले असतील. एका वाक्यासरशी ते सारे बाजूला ठेवावयाचे, हे सोपे नसते.

संत पौल महामंदिरापाशी परत येऊन आम्ही पुढची वाट धरली. त्या रस्त्याचे नावच ‘सात देवळांचा रस्ता’ असे आहे. वाटेत आर्देआतिनेच्या खाणी लागतात. २४ मार्च १९४४ रोजी जर्मन सैन्याने येथे ३३५ जणांना गोळ्या घातल्या. त्यांत पिएत्रो पाप्पागाल्लो नावाचे धर्मगुरूही होते. छळलेल्यांना आसरा दिल्याचे त्यांचे ते प्रायश्चित्त. पुढे संत सेबास्तियन यांचे मंदिर आणि त्याखालील भुयारी दफनभूमी. तरुण फिलिप येथे रात्र रात्र प्रार्थना करीत. १५४४ च्या पेंटेकॉस्ट सणाच्या सुमारास येथेच पवित्र आत्म्याचा अग्नी त्यांच्या हृदयात शिरल्याचा अनुभव त्यांना आला. मृत्यूनंतर वैद्यांना त्यांच्या हृदयाजवळच्या दोन बरगड्या बाहेर आलेल्या दिसल्या, अशी नोंद आहे.

फिलिप यांच्या वारीत दुपारचे जेवण चेलियो टेकडीवरील मात्तेई घराण्याच्या बागेत होई. पाव, चीज, अंडी, थोडा द्राक्षारस आणि सोबत संगीत. ती बाग आज सार्वजनिक उद्यान आहे. आम्हीही पाव आणि चीज घेऊन एका बाकावर बसलो. समोर एक आजी नातवाला भरवीत होती. आम्हास घरची आठवण झाली, हे कबूल करावयास हवे.

लॅटेरन येथील संत योहान महामंदिर ही रोमच्या बिशपांची, म्हणजे पोपमहोदयांची, पीठ-मंदिराची जागा. तिच्या भव्य दारांसमोर उभे असताना मनात आपल्याकडच्या दारांचा विचार आला. ज्या शतकात झेवियर यांनी गोव्यात लेकरांना धर्मशिक्षण दिले, त्याच शतकात आणि त्यानंतरही दीर्घकाळ, युरोपीय संन्यासी संघांची दारे आपल्या भूमीतील लेकरांना जवळजवळ बंदच होती. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांना येशूसंघात यावयाचे होते. त्यांची ती इच्छा पुरी झाली नाही. अखेरीस मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू म्हणून त्यांना जागा मिळाली आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर मरण आले.

गोमंतकातील एतद्देशीय धर्मगुरूंना संघजीवन जगावयाचे होते. पण जावे कोठे? तेव्हा त्यांना फिलिप नेरी यांची ओरॅटरी सापडली. तिच्यासाठी युरोपीय संघाचे दार ठोठवावयास नको होते. जुन्या गोव्यातील चमत्कारी पवित्र क्रुसाच्या चर्चपाशी जमलेल्या गुरूंना १६८५ मध्ये फादर जोसेफ वाझ यांनी ओरॅटरीच्या शिस्तीत बसविले. बाणावली येथे १६५१ साली जन्मलेले हे धर्मगुरू १६८७ मध्ये हमालाच्या वेषात श्रीलंकेत उतरले. तेथे डच सत्तेने कॅथलिक गुरूंना मज्जाव केला होता. कॅंडीच्या बौद्ध राजाने प्रथम त्यांना पोर्तुगिजांचा हेर समजून कैदेत टाकले, पुढे अभय दिले. १६९७ मध्ये देवीची साथ आली तेव्हा, घरच्यांनी टाकून दिलेल्या रुग्णांची त्यांनी सेवा केली. १७११ मध्ये कॅंडी येथेच त्यांचे निधन झाले. फिलिप यांना जेथे येता आले नाही, त्या पूर्वेकडे त्यांचे ओरॅटरीचे घर असे उभे राहिले, आणि ते उभारले आपल्याच माणसांनी.

येथेच लेख संपविता आला असता, तर लिहिणाऱ्यास आणि वाचणाऱ्यास, दोघांनाही बरे वाटले असते. परंतु इतिहास अर्धा सांगू नये. ज्यांना बाहेर ठेवले गेले त्यांनीच उभारलेल्या त्या गोमंतकीय ओरॅटरीत प्रवेश मिळे तो ब्राह्मण कुळांतून ख्रिस्ती झालेल्यांना. इतरांसाठी तिचे दार बंद होते. स्वतःवर झालेला अन्याय माणसाला आपोआप न्यायी करीत नाही. पवित्र क्रूस महामंदिरात, संत हेलेना यांच्या नावाने जतन केलेल्या क्रुसाच्या अवशेषांपुढे, ही गोष्ट आम्हास फार बोचली. आमच्या धर्मग्रामाच्या टोकाला आदिवासी पाडा आहे. तेथील कुटुंबे मिस्सेला येतात आणि मागच्या बाकांवर बसतात. त्यांना कोणी तेथे बसा म्हणून सांगितलेले नाही. पुढे या, असेही आम्ही कधी म्हटलेले नाही. त्यांच्या घरी आम्ही वर्षातून दोनदा जातो; एकदा नाताळात, एकदा घरे आशीर्वादित करावयास.

संत लॉरेन्स महामंदिरात पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. १९ जुलै १९४३ रोजी या वस्तीवर बॉम्बवर्षाव होऊन मंदिराचा मोठा भाग कोसळला. त्याच दिवशी पोप बारावे पायस व्हॅटिकनबाहेर येऊन लोकांत मिसळले. या मंदिरात पोप नववे पायस यांची कबर आहे. ८ जून १८६२ रोजी ज्यांनी नागासाकीच्या हुतात्म्यांना, आणि त्यांच्यासह आपल्या गोन्सालो गार्सियांना, संतपद बहाल केले, ते हेच पोप. वसईहून एवढ्या दूर, एका कबरीपाशी आम्हास आपल्या गावचे नाव सापडले.

येथे आमच्या गुडघ्यांनी साफ नकार दिला. वारीचा शेवटचा टप्पा बसने झाला, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. पवित्र मरियेच्या थोरल्या महामंदिरात दिवे लागले होते. पोप फ्रान्सिस यांची कबर तेथे आहे. २१ एप्रिल २०२५ रोजी ते देवाघरी गेले आणि त्यांच्या इच्छेनुसार २६ एप्रिलला येथे विसावले. साधा दगड, त्यावर लॅटिनमध्ये केवळ नाव. फादर जोसेफ वाझ यांना १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे संतपद दिले, ते याच पोपमहोदयांनी. फिलिप यांच्या कबरीपासून निघालेली आमची वाट इथवर येऊन थांबली.

रात्री यात्रेकरू मंडळी परतली. कोणी जपमाळा आणल्या होत्या, कोणी नातवंडांसाठी खेळणी. एका मावशींनी विचारले, “फादर, दिवसभर एकटेच कुठे होता? काही घेतले नाही?” आम्ही पाय चोळीत म्हणालो, “एक पत्ता विचारून आलो.” त्या हसल्या. आम्ही अधिक काही बोललो नाही.

तो पत्ता आमच्या चर्चपासून साडेतीन किलोमीटरवर आहे. मायदेशी परतल्यावर पहिल्या शनिवारी आम्ही पायीच तेथे गेलो. नाताळ नव्हता, घरे आशीर्वादित करावयाची नव्हती. त्यामुळे कोणाला काय झाले म्हणून लोक घाबरून बाहेर आले. आम्ही सांगितले, “काही नाही, बसावयास आलो.” मग कोणीतरी खाट आणून टाकली.